डार्सी : फॉर्म्युल्याच्या मागचा माणूस

सॉइल मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये तो प्रयोग आपण सगळ्यांनीच केलाय. मोल्डमध्ये वाळू भरायची, वरून पाणी सोडायचं, खाली मेजरिंग सिलिंडर लावून स्टॉपवॉच हातात घ्यायचं आणि शेवटी 'के' काढायचा. (रीडिंग जुळली नाहीत तर मागच्या वर्षीचं जर्नल असतंच!) व्हायवाला मला डार्सीचा नियम विचारला, तो मी घडाघडा म्हटला. मग सरांनी विचारलं, हा डार्सी कोण होता? मी गप्प. इंग्रज असावा असं वाटत होतं, पण बोललो नाही, तेच बरं झालं. त्या दिवशी लायब्ररीत बसून शोधाशोध केली. मित्रांनो, हा माणूस निव्वळ फॉर्म्युला म्हणून पाठ करून सोडून देण्यासारखा मुळीच नाही.

हेन्री डार्सी फ्रेंच. जन्म १० जून १८०३, दिजाँ शहरात. चौदा वर्षांचा असताना वडील गेले. आई मात्र खमकी होती, कर्ज काढून तिने मुलाला शिकवलं. १८२१ मध्ये तो पॅरिसच्या एकोल पोलितेक्निकमध्ये दाखल झाला आणि तिथून दोन वर्षांनी रस्ते-पुलांच्या सरकारी इंजिनीअरिंग शाळेत गेला. म्हणजे आपल्या भाषेत सिव्हिलचाच. नोकरी लागली ती थोड्याच काळात गावाकडे, दिजाँलाच. १८२८ मध्ये लग्न झालं, बायको इंग्रज घराण्यातली. मूलबाळ झालं नाही.

त्या काळच्या दिजाँचं पाणी भयंकर होतं. लोक तटबंदीच्या आतल्या विहिरींचं पाणी प्यायचे, आणि त्याच तटबंदीच्या आत घरोघरी संडासाचे खड्डे होते. वरचं घाण पाणी मातीतून झिरपत खाली जातं, भूजलाला मिळतं, आणि भूजल काही एका जागी थांबून राहत नाही. ते उताराच्या दिशेने हळूहळू सरकतं आणि शेजारच्या विहिरीत उतरतं. माती थोडंफार गाळते हे खरं, पण खड्डा आणि विहीर यांत अंतर कमी असलं की तेवढं गाळणं पुरत नाही. शिवाय विरघळलेले क्षार, नायट्रेट यांना माती अडवतच नाही. पाणी दिसायला स्वच्छ, आणि तरी दूषित! १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाने पटकीची साथ पसरली, ती अशीच. नंतर खोदून पाहिलं तर विहिरीपासून तीन फुटांच्या आत एका घराचं मैल्याचं टाकं होतं आणि त्याच्या विटा ढासळल्या होत्या. ती साथ शोधणारा डॉ. जॉन स्नो आणि आपला डार्सी, दोघेही १८५८ सालीच वारले. एकमेकांना ओळखत असतील असं वाटत नाही, पण दुखणं एकच आणि त्यावर काम करणारे दोघे.

दिजाँमध्ये आधी खोल बोअर घेऊन पाहिली होती, तिला पुरेसं पाणी लागलं नाही. डार्सीने सरळ गावाबाहेर नजर टाकली. रोझ्वार नावाचा एक मोठा झरा होता, मिनिटाला साधारण ८००० लिटर पाणी देणारा. १८३४ मध्ये त्याने प्लॅन मांडला. झऱ्यापासून शहरापर्यंत १२.७ किलोमीटरचा बंदिस्त कालवा, म्हणजे वाटेत घाण मिसळायला जागाच नको. शहरात जमिनीखाली पाण्याच्या टाक्या, आणि तिथून रस्त्यारस्त्यांत नळ. पंप एकही नाही, सगळं ग्रॅव्हिटीवर. सप्टेंबर १८४० मध्ये पाणी शहरात आलं. पुढच्या चार वर्षांत सुमारे २८ किलोमीटर पाइपलाइन टाकून झाली. पॅरिससारख्या शहरालाही त्या काळी असा पुरवठा नव्हता.

आणि यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट. या कामाची जी फी त्याला मिळायला हवी होती, ती रक्कम लहान नव्हती, पण ती त्याने घेतली नाही. गावाने सोन्याचं पदक दिलं, तेवढं घेतलं. आजच्या टेंडरच्या जमान्यात हे वाचून जरा वेळ पुस्तक मिटूनच बसलो.

पॅरिस ते ल्यों रेल्वे दिजाँवरून जावी म्हणूनही तो झटला. त्यासाठी ब्लेझी इथे चार किलोमीटरचा बोगदा लागणार होता, लोक घाबरत होते, याने तो होऊ शकतो हे दाखवून दिलं. पण १८४८ ची क्रांती झाली आणि राजकारणात त्याची दिजाँहून उचलबांगडी झाली. थोड्याच दिवसांत पॅरिसच्या पाणी आणि रस्ते विभागाचा तो प्रमुख झाला. तिथे त्याने पाइपांमधल्या घर्षणावर प्रयोग केले (फ्लुइड मेकॅनिक्समधला डार्सी-वाइसबाख, तो हाच), पिटो ट्यूब सुधारली. उघड्या कालव्यांवरचे त्याचे प्रयोग पुढे त्याचा सहकारी बाझिन याने पुरे केले. चेझीच्या धड्यात ज्याच्या नावाने आपण वैतागतो तो बाझिन.

तब्येत बिघडत चालली तेव्हा १८५५ मध्ये त्याने पदाची जबाबदारी सोडायची परवानगी मागितली. आराम करायला नाही, प्रयोग करायला! दिजाँच्या हॉस्पिटलच्या आवारात अडीच मीटर उंच, ३५ सेंटिमीटर व्यासाची लोखंडी नळी उभी केली आणि तिच्यात सोन नदीची वाळू भरली. मदतीला शार्ल रिटर नावाचा इंजिनीअर. २९ ऑक्टोबर १८५५ ला रीडिंग सुरू झाली. पाणी हॉस्पिटलच्या नळाचं, त्यामुळे नळ उघडला-बंद झाला की मॅनोमीटरचा पारा वरखाली हलायचा. आपल्या लॅबसारखंच म्हणा ना. त्याला प्रश्न साधा होता : शहराचं पाणी गाळायला वाळूचं फिल्टर बांधायचं तर किती मोठं बांधायचं? उत्तर निघालं, की वाळूतून जाणारं पाणी हे हेडमधल्या फरकाच्या आणि क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात, आणि थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतं. १८५६ मध्ये दिजाँच्या पाणीपुरवठ्यावर त्याचं जाडजूड पुस्तक आलं. त्याच्या शेवटच्या परिशिष्टांतल्या एका टिपणात हा नियम दडलेला आहे.

एवढ्याशा टिपणावर आज भूजल शुद्धीकरणाचा सगळा धंदा चालतो. समजा एखाद्या कारखान्याच्या टाकीतून सॉल्व्हंट गळला. वाळूचा थर, 'के' सेकंदाला १०⁻⁴ मीटर, उतार हजारात पाच, सच्छिद्रता ०.३. कॅल्क्युलेटर काढा : घाण वर्षाला साधारण ५० मीटर सरकते. म्हणजे २०० मीटरवरच्या विहिरीला चारेक वर्षं आहेत. हे कळलं की मग विहिरी कुठे खोदायच्या, किती उपसा करायचा म्हणजे दूषित पाणी पुढे न जाता आपल्याच पंपाकडे वळेल, हे ठरवता येतं. वर काढलेलं पाणी हवेच्या झोतातून किंवा कार्बनमधून नेऊन साफ करतात. १९९० च्या दशकात आणखी एक युक्ती आली. वाहत्या भूजलाच्या आडवी चर खणून तिच्यात लोखंडाचा कीस भरायचा. पाणी त्यातून आपोआप जातं आणि क्लोरिनवाले सॉल्व्हंट तिथेच मोडतात. ती भिंत किती जाड हवी, याचं गणित म्हणजे पुन्हा डार्सीची नळीच. मात्र चिकणमातीत अडकलेली घाण फार हळू सुटते, म्हणून उपसा दहा-दहा वर्षं करूनही काही ठिकाणी काम संपत नाही. आणि आपल्या काळ्या खडकात पाणी भेगांतून धावतं, तिथे हा नियम वाळूसारखा सरळ लावला तर फसगत होते.

डार्सीला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. जानेवारी १८५८ मध्ये पॅरिसला असताना न्यूमोनिया झाला आणि ३ तारखेला तो गेला. वय ५४. दिजाँने त्याला परत आणलं आणि टाकीजवळच्या चौकाला त्याचं नाव दिलं. आज तिथे बाग आहे, ट्राम थांबते, आणि स्टॉपचं नावही डार्सीच आहे.