मायकेल फॅरेडे : लोहाराचा मुलगा, थोर शास्त्रज्ञ

साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर किंवा सांगली जिल्ह्यातल्या ढालगावच्या माळावर पवनचक्क्या फिरताना तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्या जनित्रात वीज तयार होते, ती मायकेल फॅरेडे यांनी शोधलेल्या तत्त्वावर.

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ न्यूइंग्टन इथे झाला. वडील लोहार. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शाळा लवकर सुटली. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागले. बांधायला आलेली पुस्तकं वाचता वाचता विज्ञानाची गोडी लागली. १८१२ मध्ये त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली आणि ती नीट बांधून डेव्हींना पाठवली. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना मदतनीसाचं काम मिळालं.

१८३१ मध्ये त्यांनी चुंबक आणि तारेचं वेटोळं यांच्या साहाय्याने वीज निर्माण केली. पुढे पाण्यातून वीज सोडल्यावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन किती मिळतो हे मोजून विद्युत अपघटनाचे नियम मांडले. मोजताना एक गंमत त्यांच्या लक्षात आली. वीज बंद केल्यावर प्लॅटिनमच्या पट्ट्या नळीत तशाच राहिल्या, की जमलेले वायू हळूहळू कमी होत. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर त्यांचं पुन्हा पाणी बनत होतं! प्लॅटिनम मात्र जसंच्या तसं. स्वतः न संपता क्रियेचा वेग वाढवणाऱ्या अशा पदार्थाला आपण उत्प्रेरक म्हणतो.

फॅरेडे यांनी सर ही पदवी नाकारली. मुलांसाठी नाताळात विज्ञान व्याख्यानं मात्र ते आवडीने देत. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचं निधन झालं.

मुलांनो, त्या प्लॅटिनमचा प्रश्न आजही आपल्यापुढे आहे. वारा भरपूर असताना पवनचक्कीची जादा वीज वापरून पाण्यापासून हायड्रोजन करता येतो आणि तो इंधन म्हणून साठवता येतो. चांगला उत्प्रेरक असेल तर या कामाला वीज कमी लागते. पण प्लॅटिनम आणि इरिडियम फार महाग. म्हणून शास्त्रज्ञ निकेल, लोह, कोबाल्ट अशा स्वस्त धातूंकडे वळले आहेत. अल्कधर्मी पाण्यात ऑक्सिजनच्या बाजूला निकेलमध्ये थोडं लोह मिसळलं तर काम चांगलं होतं. ते वर्षानुवर्षं टिकवायचं कसं, यावर अजून संशोधन चालू आहे.

लोहाराच्या मुलाने सुरू केलेलं हे काम लोखंड-निकेलवर येऊन थांबलंय. ते पुढे कोण नेणार? तुमच्यापैकीच कुणीतरी, नाही का?