मुद्दाम चुकविलेली वाट

आकाशात वाटा आखलेल्या नसतात. भूमीवरून उडणाऱ्या वैमानिकाला खाली नद्या, डोंगर, लोहमार्ग यांच्या खुणा तरी दिसतात. सागरावर मात्र दृष्टी पोहोचेल तेथवर पाणीच पाणी. आज कृत्रिम उपग्रह विमानाचे ठिकाण क्षणोक्षणी सांगतात. १९३१ साली हे साहाय्य कोणालाच नव्हते. त्या वर्षी एका चिमुकल्या विमानातून एकट्याने टास्मान समुद्र ओलांडणाऱ्या फ्रान्सिस चिचेस्टरची ही हकीकत आहे.

फ्रान्सिसचा जन्म १७ सप्टेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात, शरवेल या खेड्यात झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. वयाच्या अठराव्या वर्षी खिशात अवघे १० पौंड घेऊन तो न्यूझीलंडला गेला. तेथे त्याने शेतावर राबून पाहिले, कोळशाच्या खाणीत काम केले, सोन्याचाही शोध घेतला. पुढे जमिनींच्या व्यवहारात त्याला पैसा मिळाला. १९२९ साली तो इंग्लंडला परतला, विमान चालविण्यास शिकला आणि लगेच एकटाच ऑस्ट्रेलियाकडे उडाला! १९३० च्या जानेवारीत तो तेथे पोहोचला.

आता त्याला न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला उडत जावयाचे होते. परंतु त्याच्या ‘जिप्सी मॉथ’ विमानात एवढ्या अंतरास पुरेल इतके इंधन मावत नव्हते. म्हणून वाटेत नॉरफोक आणि लॉर्ड हाऊ या दोन बेटांवर उतरावे, असे त्याने ठरविले. बेटांवर विमानतळ नव्हते. त्याने विमानाची चाके काढून त्या जागी पाण्यावर तरंगणारे, होडीच्या आकाराचे दोन पोकळ तरंगक बसविले.

खरी अडचण पुढेच होती. नॉरफोक बेट सुमारे ७७० किलोमीटर दूर, आणि त्याची लांबी जेमतेम ८ किलोमीटर! होकायंत्र दिशा दाखविते. पण वारा विमानाला नकळत बाजूस ढकलीत असतो. दिशेत केवळ ५ अंशांचा फरक पडला, तरी एवढ्या प्रवासानंतर विमान बेटापासून ६५ किलोमीटरांहून अधिक दूर जाते. नेम धरून सरळ गेले आणि बेट दिसले नाही, तर ते डावीकडे राहिले की उजवीकडे, हे कसे कळावे? दोन्हीकडे शोधीत बसण्याइतके इंधन नसते.

चिचेस्टरने यावर मोठी चतुर युक्ती योजिली. सेक्स्टंट या यंत्राने सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे, हे मोजता येते. त्या कोनावरून आणि अचूक वेळेवरून आपण पृथ्वीवरील एका विशिष्ट रेषेवर आहोत, एवढे समजते; त्या रेषेवर नेमके कोठे, हे मात्र समजत नाही. तेव्हा तो बेटाकडे सरळ गेलाच नाही. बेटाच्या एका अंगास पुष्कळ दूर जाईल, अशी दिशा त्याने जाणूनबुजून धरली. बेटावरून जाणारी रेषा आली, असे सूर्याने सांगताच बेट कोणत्या बाजूस आहे, याविषयी संशयच उरत नव्हता. तेथून वळून त्या रेषेवरून उडत राहावयाचे होते.

२८ मार्च १९३१ रोजी त्याने उड्डाण केले. थरथरणाऱ्या विमानाचा तोल एकीकडे सांभाळावयाचा, दुसरीकडे कोन मोजावयाचे आणि मांडीवरील कागदावर आकडेमोड करावयाची. बेरीज-वजाबाकीतील एखादी चूकही जिवावर बेतली असती. ठरल्या क्षणी त्याने विमान वळविले. समोर काहीच दिसत नसताना, इतका वेळ धरलेली दिशा सोडून देणे हे माझ्या मते त्या प्रवासातील सर्वांत अवघड काम होते. पण गणित खरे ठरले. नॉरफोक बेट समोर आले!

लॉर्ड हाऊ बेटही त्याने याच रीतीने गाठले. तेथे रात्री वादळ होऊन नांगरलेले विमान पाण्यात उलटले. चिचेस्टर हताश झाला नाही. बेटवासीयांच्या मदतीने दोन महिन्यांहून अधिक काळ खपून त्याने ते पुन्हा उभे केले आणि जून महिन्यात ऑस्ट्रेलियाचा किनारा गाठला. त्याच वर्षी जपानमध्ये त्याचे विमान तारांवर आदळले व तो जबर जखमी झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याने वैमानिकांना मार्ग शोधण्याची विद्या शिकविली.

उतारवयात तो शिडाच्या नौकेकडे वळला. १९६६-६७ साली, पासष्टीत, ‘जिप्सी मॉथ ४’ या नौकेतून त्याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; वाटेत फक्त सिडनीस तो थांबला. याही प्रवासात सेक्स्टंट त्याच्या हाती होताच. राणी एलिझाबेथने त्याला ‘सर’ हा किताब दिला. २६ ऑगस्ट १९७२ रोजी तो मरण पावला. शरवेल या त्याच्या जन्मगावीच त्याचे दफन झाले.