शत्रूच्या गावी तलवार ठेवून आलेला वैमानिक

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, ऑक्टोबर १९४३ मध्ये, आपल्या मुरगाव बंदराने एक विलक्षण दृश्य पाहिले. जपानचे ‘तेया मारू’ आणि अमेरिकेने भाड्याने घेतलेले ‘ग्रिप्सहोम’ हे स्वीडिश जहाज तेथे एकाच वेळी येऊन थांबले होते. युद्धामुळे एकमेकांच्या मुलखात अडकलेल्या सुमारे दीड-दीड हजार लोकांची अदलाबदल तटस्थ पोर्तुगीज गोव्याच्या भूमीवर पार पडली. या दोन शत्रूंच्या मध्ये प्रशांत महासागर पसरलेला होता. तो ओलांडून परस्परांच्या मायभूमीवर बॉम्ब टाकण्याचे प्रयत्न मात्र दोन्ही बाजूंनी त्याआधीच होऊन गेले होते. त्यांपैकी एका प्रयत्नाशी नोबुओ फुजिता या जपानी वैमानिकाचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

फुजिता यांचा जन्म १९११ सालचा. १९३२ मध्ये ते जपानी नौदलात दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी वैमानिक बनले. युद्धाला तोंड फुटले तेव्हा त्यांची नेमणूक ‘आय-२५’ या पाणबुडीवर होती. या पाणबुडीवर एका जलाभेद्य कोठडीत पंख मिटलेले छोटे विमान ठेवलेले असे. पाणबुडी पृष्ठभागावर आली की विमानाची जोडणी करून ते यंत्राच्या झटक्याने आकाशात सोडले जाई. परतताना ते समुद्रावर उतरे आणि यारीने उचलून पुन्हा आत घेतले जाई. १९४२ च्या आरंभी फुजिता यांनी याच विमानातून सिडनी, मेलबर्न आणि न्यूझीलंडमधील बंदरांची टेहळणी केली. प्रत्येक उड्डाणात त्यांच्यासोबत घराण्यातून चालत आलेली, सुमारे ४०० वर्षांची जुनी सामुराई तलवार असे.

१८ एप्रिल १९४२ रोजी अमेरिकेच्या जेम्स डूलिटल यांच्या नेतृत्वाखाली विमानवाहू जहाजावरून निघालेल्या १६ विमानांनी टोकियो व इतर शहरांवर बॉम्बफेक केली. नुकसान फारसे झाले नाही. पण आपली भूमी शत्रूच्या आवाक्यात आहे, या जाणिवेने जपान हादरला. त्याच वर्षी फुजिता यांच्यावर प्रत्युत्तराची कामगिरी सोपवण्यात आली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील घनदाट जंगले पेटवायची, वणव्याने लोकांत घबराट पसरवायची आणि अमेरिकी सैन्याला घराच्या रक्षणात गुंतवून ठेवायचे, अशी ती योजना होती. प्रत्येकी ७६ किलो वजनाचे सहा आगलावे बॉम्ब घेऊन ‘आय-२५’ ऑगस्टमध्ये योकोसुकाहून निघाली.

९ सप्टेंबर १९४२ च्या सकाळी फुजिता आणि त्यांचे सहकारी ओकुदा यांनी ओरेगन राज्यातील ब्रुकिंग्ज या छोट्या गावाजवळच्या डोंगराळ जंगलावर दोन बॉम्ब टाकले. पण निसर्ग त्यांच्या बाजूने नव्हता. पावसाने रान ओले होते. टेहळणी मनोऱ्यावरील वनरक्षकाला धूर दिसला आणि लहानशी आग लगेच आटोक्यात आली. २९ सप्टेंबरच्या रात्री आणखी दोन बॉम्ब पडले; त्यांतूनही काही निष्पन्न झाले नाही. उरलेले दोन वापरण्याची संधीच हवामानाने दिली नाही. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर शत्रूच्या वैमानिकाने बॉम्ब टाकल्याची नोंद या दोन उड्डाणांपुरतीच आहे.

जपानने हा नाद सोडला नाही. नोव्हेंबर १९४४ पासून कागदी फुग्यांना बॉम्ब बांधून ते उंचावरील वेगवान वाऱ्यांवर सोडण्यात आले. असे नऊ हजारांहून अधिक फुगे निघाले. अमेरिकी सरकारने या बातम्या छापू दिल्या नाहीत. परिणामी लोक बेसावध राहिले आणि ५ मे १९४५ रोजी ओरेगनमधील ब्लाय गावाजवळ सहलीला गेलेली एक गरोदर स्त्री आणि पाच मुले अशा फुग्यावरील बॉम्बच्या स्फोटात मरण पावली. फुजिता यांच्या बॉम्बने कोणाचाही जीव गेला नव्हता. पण जंगल कोरडे असते तर काय झाले असते, हा प्रश्न उरतोच.

युद्ध संपले. ओकुदा युद्धातच कामी आले होते, ‘आय-२५’ही बुडाली होती. फुजिता वाचले आणि त्यांनी लोखंडी सामानाचे दुकान थाटले. या मोहिमेविषयी ते घरी फारसे बोलत नसत. १९६२ मध्ये ब्रुकिंग्जच्या तरुण व्यावसायिकांच्या संघटनेने त्यांना गावच्या पुष्पोत्सवाचे निमंत्रण पाठवले. गावातील अनेकांना ते रुचले नाही. इकडे फुजितांच्याही मनात धास्ती होती. त्यांच्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटला भरला जाणार नाही, याची हमी मिळाल्यावरच जाण्याचे ठरले. पत्नी व मुलासह निघताना त्यांनी तलवार बरोबर घेतली. गावकऱ्यांनी संताप व्यक्त केला, तर तिनेच स्वतःचे पोट चिरून प्रायश्चित्त घ्यायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. हे पुढे त्यांच्या कन्येने सांगितले.

तशी वेळ आली नाही. गावाने त्यांचे सन्मानाने स्वागत केले आणि मरणासाठी नेलेली तलवार फुजिता यांनी गावालाच अर्पण केली. ब्रुकिंग्जमधील मुलांना जपान दाखवण्याचा शब्दही त्यांनी दिला. मध्यंतरी व्यवसाय बुडाला, तरी त्यांनी नोकरी करून पैसे साठवले आणि १९८५ मध्ये तेथील तीन विद्यार्थिनींना स्वखर्चाने जपानला बोलावले. गावच्या वाचनालयातील मुलांच्या पुस्तकांसाठी त्यांनी देणगी दिली. १९९२ मध्ये वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या फुजिता यांनी, जेथे आपण बॉम्ब टाकला होता तेथेच, रेडवूडचे रोप लावले.

३० सप्टेंबर १९९७ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच्या काही दिवस आधी ब्रुकिंग्जने त्यांना मानद नागरिकत्व बहाल केले होते. पुढच्या वर्षी त्यांच्या कन्येने पित्याच्या अस्थींचा काही अंश त्या जंगलात पुरला. तलवार आजही ब्रुकिंग्जच्या वाचनालयात आहे. पाणबुडी, विमान आणि सहा बॉम्ब घेऊन गेलेल्या मोहिमेने शत्रूचे काहीच वाकडे केले नाही. तिची आठवण राहिली ती वीस वर्षांनी निःशस्त्र होऊन परतलेल्या एका माणसामुळे, आणि त्याच्यासाठी दार उघडणाऱ्या त्या गावामुळे.