पानगळीचे शास्त्र शिकलेले रोह्याचे चिंतामणराव

फेब्रुवारी-मार्चमध्ये पेणहून रोह्याकडे निघाले की डोंगरउतारावरचे साग आणि सावर निष्पर्ण झालेले दिसतात. पुढे पाणी कमी पडणार असते, म्हणून झाड पाने टाकून ओलावा राखते. थंड देशांतली झाडे हेच हिवाळ्यापूर्वी करतात. देवदार, पाइन अशी सूचिपर्णी झाडे सहसा सदाहरित असतात. पण लार्च, बाल्ड सायप्रस, डॉन रेडवूड अशी मोजकी झाडे त्याला अपवाद आहेत.

झाडांचे हे शास्त्र रोह्यात वाढलेल्या एका मुलाने थेट केंब्रिजमध्ये जाऊन शिकले. देश मात्र त्याला अर्थतज्ज्ञ म्हणूनच ओळखतो. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला. वडील वकील होते. १९१२ मध्ये चिंतामणराव मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. केंब्रिजला मात्र त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले. १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळाले.

इथून प्रयोगशाळेची वाट सरळ होती. पण पुढच्याच वर्षी ते आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले आणि मध्य प्रांत व वऱ्हाडात सरकारी नोकरीत रुजू झाले. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

त्याच काळात त्यांच्या जुन्या विषयात एक मोठी घटना घडत होती. १९४१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ शिगेरू मिकी यांनी जीवाश्मांवरून मेटासिक्वोया ही नवी प्रजाती नोंदवली. हे झाड कधीच नामशेष झाले, असा समज होता. पण काही वर्षांतच चीनमध्ये त्याची जिवंत झाडे सापडली. १९४८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि बिया जगभरच्या उद्यानांत पोचल्या. हाच आजचा डॉन रेडवूड. देशमुखांनी शिकलेले वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र इथे एकत्र आले होते. ते स्वतः मात्र तेव्हा युद्धकाळातल्या चलनाचा आणि १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेचा हिशेब सांभाळत होते.

बोन्साय करणाऱ्यांना ही झाडे आवडतात, त्यामागेही पानगळीचेच शास्त्र आहे. पाने गळाली की फांद्यांची ठेवण उघड दिसते आणि छाटणी, तार बांधणे सोपे जाते. कुंडी बदलून मुळे कापायची ती नवे कोंब फुटण्याच्या थोडे आधी. तेव्हा झाडाला पाने पोसायची नसतात, त्यामुळे कापलेली मुळे सावरतात. लार्चला विश्रांतीसाठी कडक थंडी लागते, म्हणून कोकणात तो टिकत नाही. बाल्ड सायप्रस मुळात दलदलीतला. तो उष्मा आणि साचलेले पाणी दोन्ही सोसतो.

देशमुखांनी शास्त्र मागे ठेवले, तरी बागकामाची आवड ठेवली. संस्कृतही सुटले नाही. कदंब, केतकी, कुटज अशा वनस्पतींनी भरलेले मेघदूत त्यांनी मराठीत आणले. १९५० मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५२ मध्ये कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, लोकसभेवर निवडून गेले. मुंबई महाराष्ट्राला देण्यास केंद्राने नकार दिला, तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर लोदी उद्यानाला लागूनच आहे.

२ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले. आपल्या वनस्पतिशास्त्राला एक संशोधक मुकला, हे खरेच. पण शिकलेले शास्त्र पोटापाण्याला आले नाही म्हणून वाया गेले, असे होत नाही. ते झाडांकडे पाहण्याची नजर देऊन जाते आणि हाताला मातीची ओढ लावते. रोह्याच्या या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती आयुष्यभर पुरली.