ग्रॅनाइटची खतावणी

माझी बत्तीस वर्षे बँकेत खतावण्या जुळवण्यात गेली. दिवसाअखेर एका रुपयाचा फरक निघाला तरी घरी जाता येत नसे. निवृत्तीनंतर नॉर्मन बोवेन यांच्याविषयी वाचले, तेव्हा हा शास्त्रज्ञ मला आपल्याच जातकुळीचा वाटला.

बोवेन १८८७ साली कॅनडातील किंग्स्टनला जन्मले. १९१२ साली ते वॉशिंग्टनला कार्नेगी संस्थेच्या भूभौतिक प्रयोगशाळेत रुजू झाले. खनिजांची पूड प्लॅटिनमच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत ठेवायची आणि ठरलेल्या तापमानावरून एकदम थंड करायची, हे त्यांचे काम. वितळलेल्या भागाची काच होई, स्फटिक तसेच राहत. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजदाद.

१९१३ मध्ये त्यांनी प्लॅजिओक्लेज या खनिजाचा हिशेब मांडला. तप्त शिलारसात त्याचा स्फटिक आधी कॅल्शियम जास्त घेतो आणि रस निवत जाईल तसतसे सोडियम. रस लवकर निवला, तर हे थर एकावर एक तसेच राहतात. म्हणजे स्फटिक हे खडकाचे पासबुकच! त्यावरून १९२८ च्या ग्रंथात त्यांनी सांगितले, की बेसॉल्टच्या रसातून एकेक खनिज वेगळे होत गेले, की शेवटी उरतो तो ग्रॅनाइटचा रस.

पण ही उरलेली शिल्लक फार थोडी. खंडांवर ग्रॅनाइट मात्र अफाट. ताळेबंद जुळेना. काही भूवैज्ञानिक तर म्हणत, की बराचसा ग्रॅनाइट कधी वितळलेलाच नव्हता; जुने खडकच घन अवस्थेत पालटले. १९४७ मध्ये ओटावाच्या परिषदेत हा वाद रंगला. बोवेन तेव्हा साठीचे होते. त्याच वर्षी ते शिकागोहून जुन्या प्रयोगशाळेत परतले आणि फ्रँक टटल या तरुण सहकाऱ्याबरोबर पुन्हा भट्टीपाशी उभे राहिले.

या वेळी त्यांनी पाण्याच्या वाफेचा प्रचंड दाब दिला. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे मिश्रण ७०० अंश सेल्सियसच्या खालीही वितळले. सर्वांत कमी तापमानाला वितळणारे मिश्रण आणि निसर्गातला ग्रॅनाइट यांचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. ग्रॅनाइट रसातूनच आला, हे बोवेन यांचे म्हणणे भक्कम झाले. पण जे सर्वांत शेवटी गोठते, तेच सर्वांत आधी वितळते. तेव्हा खोलवरचे जुने कवच तापूनही ग्रॅनाइट होऊ शकतो, हेही त्याच आकड्यांतून दिसले. आपल्या आयुष्यभराच्या मताला मुरड घालणारी ही नोंद त्यांनी खोडली नाही.

१९५६ साली बोवेन वारले. हे काम १९५८ मध्ये छापून आले. त्यांच्याच कॅनडात, अकास्टा येथे, सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइटी खडक आहेत. असे प्राचीन कवच बरेचसे पाणी मुरलेला बेसॉल्ट पुन्हा वितळून झाले, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा माग ते अजूनही खनिजांच्या थरांतूनच काढतात.

एकदा शेवटची गाडी गाठण्यासाठी मी फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून घरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी ती जुळली. पण बोवेन यांच्याविषयी वाचताना ती रात्र आठवली आणि मान खाली गेली.