बंदुकीकडून दुर्बिणीकडे : डॉ. सलीम अली

आमचे गाव कर्जत तालुक्यातले. चहूकडे माळ, मधूनमधून ज्वारीची शेते. माझे आजोबा लहान असताना त्या माळावर माळढोक दिसत. जुने लोक त्याला हूम म्हणत, कारण विणीच्या दिवसांत नर तसाच खोल आवाज काढतो. आजोबा मोठ्या हौसेने शिकारीच्या गोष्टी सांगत. पायी चालणाऱ्या माणसाला हा पक्षी दुरूनच ओळखतो, पण बैलगाडीला फारसा बुजत नाही. म्हणून शिकारी गाडीच्या आडोशाने जवळ जात. पुढे जीपगाड्या आल्या आणि काम आणखी सोपे झाले. मी मात्र आजवर एकही माळढोक पाहिलेला नाही. या पक्ष्याविषयी वाचू लागलो, तेव्हा एक नाव पुन्हा पुन्हा समोर आले. ते म्हणजे डॉ. सलीम अली.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वयाच्या पहिल्या वर्षी वडील आणि तिसऱ्या वर्षी आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी या भावंडांना वाढवले. मामा स्वतः शिकारी. त्यामुळे भाच्याच्या हातीही लहानपणीच छर्ऱ्यांची बंदूक आली आणि चिमण्या टिपणे हा त्याचा खेळ झाला. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. मामांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड यांनी या पोराला हसण्यावारी न नेता पक्ष्याचे नाव सांगितले आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. आयुष्याची दिशा ठरली ती त्या कपाटांपुढे.

पण वाट सरळ नव्हती. १९१३ साली ते मॅट्रिक जेमतेम पास झाले. पुढे ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात गेले. तिथे हिशेबापेक्षा जंगलातच त्यांचे मन रमे. १९१८ साली तेहमिना यांच्याशी विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्याने पक्षीशास्त्रज्ञाची सरकारी जागा हुकली. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून नोकरी मिळाली. तेथून रजा घेऊन ते बर्लिनला प्रोफेसर स्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० साली परत येतात तो पैशाअभावी जागाच रद्द झालेली! पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिली. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली तासन्‌तास शिडीवर बसून ती पाहत. नर घरटे अर्धे विणून थांबतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच ते पुरे होते; आणि मग तोच नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी बारकाईने नोंदवले. १९३१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बेकारीचे दिवस वाया गेले नाहीत.

त्यानंतर त्यांनी हैदराबादपासून एकेका संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. १९३९ साली तेहमिना वारल्या. हा घाव मोठा होता, पण काम थांबले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले आणि सामान्य वाचकाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन आले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व, असे मान त्यांना मिळाले.

सलीम अलींनी बंदूक कायमची टाकून दिली असे मात्र नाही. संग्रहासाठी, अभ्यासासाठी त्यांनीही पक्षी मारले. पण मजेखातर आणि चवीखातर जीव घेणे निराळे, हे त्यांना पुरते उमगले होते. माळढोक त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा. वजनाने भारी, त्यामुळे उडताना अवजड. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणारा. असा पक्षी शिकारीपुढे कितीसा टिकणार? लोकांचे लक्ष जावे म्हणून त्यालाच राष्ट्रीय पक्षी करावे, असा आग्रह त्यांनी धरला. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकाच्या शिकारीवर पूर्ण बंदी आली. १९७९ साली सोलापूर आणि आपला नगर जिल्हा मिळून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. २० जून १९८७ रोजी सलीम अलींचे निधन झाले.

पुढची हकीकत सुखाची नाही. अभयारण्यात शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीही आल्या. जमिनीच्या व्यवहारांना अडचणी येऊ लागल्या, तसा पक्ष्यावरच राग निघू लागला. हा राग मी घराघरांत ऐकला आहे आणि तो खोटा नव्हता. पुढे क्षेत्र बरेच कमी करण्यात आले. दरम्यान पाणी आले, माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. आता साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात. आपल्याच तालुक्यातल्या रेहेकुरीत, १९८० च्या छोट्याशा अभयारण्यात, काळवीट मात्र टिकून आहेत. म्हणजे राखायचे ठरवले तर राखता येते.

मागच्या सुट्टीत मी आजोबांना त्या चिमणीची गोष्ट वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प बसले. मग हूम कसा ओरडे, हे त्यांनी तोंडाने आवाज काढून दाखवले. माझ्या घरातला कॉलेजात आलेला मी पहिलाच. आजोबांनी मला आवाज दिला, सलीम अलींनी पाहण्याची दृष्टी दिली. पण माझ्या नातवाला दाखवायला माळावर पक्षी असेल का, याचे उत्तर पुस्तकात नाही. ते आपल्याला द्यायचे आहे.