यंत्रविद्येचे शिक्षक : लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शालेय पुस्तकांपेक्षा त्यांचे मन चित्रांत आणि यंत्रांत अधिक रमे. चित्रकार होण्याच्या ओढीने १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे तेथे ध्यानात आले आणि तो मार्ग खुंटला. यांत्रिक रेखाटनाला मात्र रंग लागत नाहीत. त्या विषयात ते तयार झाले आणि १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले.

यंत्राचे भाग मापानुसार कागदावर उतरवण्यास शिकवणे, एवढेच त्यांचे काम होते. ते आटोपून त्यांना घरी जाता आले असते. पण कागदावरचा भाग लोखंडातून कसा घडतो, हे ज्याने हाताने केले नाही, तो दुसऱ्याला काय शिकवणार? फावल्या वेळात लक्ष्मणराव संस्थेच्या कर्मशाळेत जात आणि यंत्रे चालवण्यास शिकत. यंत्रविषयक अमेरिकन मासिकेही ते वाचत. शिक्षक झाल्यावरही त्यांच्यातला विद्यार्थी असा जागा राहिला.

तरीही बढतीची वेळ आली, तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थांना मिळाली. हा उघड अन्याय होता. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावात बंधू रामूअण्णांसह सायकलींचा व्यवसाय वाढवला. सायकल चालवण्यास शिकवण्याचे ते १५ रुपये घेत. शिकवणे काही सुटले नाही! पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासेल, या भीतीने शेतकरी नांगराला हात लावीनात. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या राजांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळ माळरान दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. त्या माळावर शिकलेले कारागीर कोठून येणार? लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्रे पाहिली नाहीत, माणसे पाहिली. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक अभियंता झाले. शंभूराव जांभेकरांनीही अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले नव्हते. ते कामातूनच यंत्रे शिकले. मॅट्रिक अनुत्तीर्ण झालेल्या के. के. कुलकर्णींनी व्यवस्थापनाचा भार उचलला. तुरुंगवास भोगलेल्या दोघांकडे तर वसाहतीचा पहारा सोपवण्यात आला.